वाकडी पेनी

स्टोमार्केट
३ मार्च १९९१

प्रिय एव्हिस,

‘तुझे हात गरम आहेत, हेस्टर. खाली ठेव ते.’

बाबा हे म्हणाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. रविवारचं जेवण झालं होतं, शहाजिऱ्याचा केक कापायचा बाकी होता. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत तू त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होतीस. तळहातावर कुठल्याशा राजाचं जुनं नाणं, चांदीची पेनी, आणि बोटं अशी स्थिर, जणू पक्ष्याचं पिल्लू धरलंय. मी नुसतं एक बोट लावलं होतं गं.

तुझे हात कायम गार. आई म्हणायची, ‘आपली एव्हिस म्हणजे बेडूक आहे, हात मिळवला की अंगावर काटा येतो.’ मला त्या विनोदाचं फार हसू यायचं. आई गेल्यावर तो विनोद करायलाही कुणी उरलं नाही.

फोनवर आपण दुसऱ्याच वाक्याला भांडतो, म्हणून पत्र लिहितेय. तुझं कपाट बांधून तयार आहे. शुक्रवारी सामानवाला येईल. एकेक खण बाहेर काढून प्रत्येक खळग्यातल्या नाण्यावर मी कापूस ठेवला आहे, वर कागद, मग दोरी. हातमोजे घालून केलं सगळं. तेव्हा माझ्या हातांची काळजी करू नकोस.

वकिलांनी मृत्युपत्र वाचलं ती सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. ‘घर हेस्टरला. नाण्यांचं कपाट एव्हिसला, कारण तिला कळतं.’ एवढं वाचून वकील उगाचच खोकले. इतकी वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, अंघोळ घातली, दाढी केली, याच हातांनी. तेव्हा कधी ‘खाली ठेव’ म्हणाले नाहीत. आणि तू येणार असलीस की सकाळपासून एकच धोशा: ‘हेस्टर, माझा टाय कुठाय?’ तू वर्षातून चारदा येणार, दोन तास भिंग लावून बसणार, सहाच्या गाडीनं लंडनला परत जाणार. आणि तू गेल्यावर त्यांचा टाय मी सोडणार.

तुला कळतं, हे खरंच आहे. मी नाही म्हणत नाही.

कपाट जपून उघड.

तुझी मामेबहीण,
हेस्टर


लंडन
१९ मार्च १९९१

प्रिय हेस्टर,

कपाट पोचलं. एकही नाणं हललेलं नाही. आमच्या नाण्यांच्या दुकानातल्या माणसांनाही असं बांधता येत नाही. पण हातमोजे कशाला घातलेस? हातमोज्यांतून नाणी निसटतात. नाणं नुसत्या बोटांनी, कडेला धरायचं असतं. मामा असते तर ओरडले असते.

टायचं मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं ते रोजच टाय लावून बसतात. म्हणजे तुझ्या वाट्याला त्यांची दाढी आली आणि माझ्या वाट्याला टाय. यात जास्त कुणाला मिळालं ते तूच ठरव.

आता कामाचं. सगळ्यात खालच्या खणात डावीकडचा पहिला खळगा रिकामा आहे. तिथे पहिल्या एडवर्ड राजाची पेनी होती, बरी सेंट एडमंड्स गावच्या टांकसाळीत पाडलेली. वाकडी. तुला आठवत असेल, सबंध कपाटात वाकडी अशी ती एकच होती. बांधाबांधीत घरंगळली असेल तर गालिच्याखाली बघ. आणि लगेच कळव.

एव्हिस


स्टोमार्केट
२४ मार्च १९९१

प्रिय एव्हिस,

वा गं वा! कपाटभर चांदी मिळाली, तरी बाईसाहेबांचं लक्ष एका रिकाम्या खळग्याकडे!

तुझी पेनी गालिच्याखाली नाही. ती मिस्टर पास्क यांच्याकडे आहे. आठवतात ना, आपले दातांचे डॉक्टर? आता निवृत्त झालेत आणि इथल्या नाणेमंडळाचे अध्यक्ष आहेत. बाबा गेल्यावर भेटायला आले, केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि उघड्या खणात वाकून म्हणाले, ‘अरेरे! अक्षरं बघा किती ठसठशीत आहेत. आणि नाणं बघा, चमच्यासारखं वाकलंय. नांगराखाली आलं असणार. तुमच्या वडिलांनी असं कसं ठेवलं? द्या इकडे, हलक्या आचेवर सरळ करून देतो. कवळीच्या तारा सरळ करण्यात माझा जन्म गेला.’

मला ते पटलं. कडेला एवढासा ओरखडा असला तरी बाबा नाणं विकणाऱ्याला परत पाठवायचे, आणि ही वाकडी का ठेवली हे मला कधीच समजलं नव्हतं. मला वाटलं, करायचं राहून गेलं असेल. एव्हिस, त्या कपाटासाठी मला एकदा तरी काहीतरी करायचं होतं. इतकी वर्षं मी त्याची बाहेरची लाकडं पुसली, आतल्या कशाला हात लावला नाही. ठरवलं होतं की सरळ झालेली पेनी तुला मागाहून पाठवायची, तू तोंडात बोट घालायचीस, आणि म्हणायचीस, ‘अगं, हे कुणी केलं?’

आता सांगावंच लागलं. मजा गेली.

हेस्टर


लंडन
२६ मार्च १९९१

हेस्टर,

पास्कना थांबव. आजच. काल संध्याकाळी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मला माहीत आहे तू घरातच होतीस.

ती पेनी नांगरानं वाकलेली नाही. पूर्वी आपल्याकडे घरात कुणी फार आजारी पडलं की पेनी आजाऱ्याच्या अंगावर धरून वाकवायचे आणि संताला नवस बोलायचे: हा बरा होऊ दे, ही पेनी तुझ्या समाधीवर आणून वाहीन. एकदा वाकवली की ती संताची. ती खर्चायची नाही, बदलायची नाही. सरळ तर मुळीच करायची नाही. पास्क मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण दातवाल्याला वाकडं दिसलं की राहवत नाही.

त्यांच्याकडून ती काढून घे आणि आहे तशी मला पाठव. हात जोडते.

एव्हिस


स्टोमार्केट
३० मे १९९१

प्रिय एव्हिस,

दोन महिने मी गप्प बसले, कारण लिहायला बसले की जे यायचं ते पाठवण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र दुपारच्या टपालानं आलं. पास्क त्याच सकाळी पेनी देऊन गेले होते, कापसात गुंडाळून, गोळ्यांच्या डबीत. ती सरळ झाली आहे. टेबलावर ठेवली तर हलत नाही. पण राजाच्या मुकुटापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ उमटली आहे, आणि नाणं खिडकीशी धरलं की त्या रेघेतून उजेड दिसतो. पास्क जरा ओशाळले होते. म्हणाले, ‘जुनी चांदी ठिसूळ असते हो. आता पुन्हा वाकवू नका म्हणजे झालं, दोन तुकडे होतील.’

ती मी बशीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे, मार्मलेडच्या बरणीशेजारी. तुझ्या अंगावर शहारा येईल, मला माहीत आहे.

आता मी विचारते. सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी बाईनं नवस बोलला, तर तुझा जीव इतका तुटतो? बाबा गेले तेव्हा तू मला तीन ओळी लिहिल्या होत्यास. त्यातली एक गाडीच्या वेळेबद्दल होती. आणि या पेनीसाठी तीन फोन, हात जोडणं, काय काय! तू हात जोडलेले मी जन्मात पाहिले नाहीत. ती फार दुर्मीळ आहे का? तसं असेल तर तसं सांग. की बाबांनी तुला तिच्याबद्दल काही सांगितलं होतं? तुम्हा दोघांचं त्या खोलीत काय काय चालायचं, माझ्यापर्यंत फक्त खण सरकल्याचा आवाज यायचा.

मी पुष्कळ विचार केला गं. माझ्या मनात तुझ्याबद्दल हेवा आहे, हे मी आता स्वतःशी कबूल करते. तो मी इतकी वर्षं इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता. पण नाणी मला कधीच नको होती. मला ती खुर्ची हवी होती.

तू खरं सांगितल्याशिवाय पेनी येणार नाही.

हेस्टर


लंडन
८ जुलै १९९१

हेस्टर,

दुर्मीळ नाही. आमच्या दुकानात तसल्या पेन्यांचा खण भरलेला असतो.

ती सातशे वर्षांपूर्वी कुणी वाकवलेली नाही. ती मला सापडली तेव्हा सपाट होती.

मी अकरा वर्षांची होते. माझे वडील घर सोडून गेले त्याच्या पुढचं वर्ष. शनिवारी मामा मला बीटाच्या शेतात घेऊन जायचे. नांगरणी झालेली असायची, पावसानं माती धुतलेली, मान खाली घालून चालायचं. तू लहान, तुला चिखलात आणायला मामी नाही म्हणायची. त्या दिवशी सरीत काहीतरी करडं, गोल दिसलं. मी उचललं. मामांनी जिभेनं ओलं करून पुसलं आणि ओरडलेच, ‘डोळे आहेत पोरीला! एडवर्ड! आणि मागं बघ काय लिहिलंय, संत एडमंडचं गाव. ही तुझी, एव्हिस. घरी नेऊन धुऊ, मग तुझी.’ त्यांच्या खिशात ठेवायला मीच दिली.

घरी आलो तर मामी दारात. तुला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टर दुपारीच येऊन गेले होते, आणि जाताना मामीशी नुसतं हळू आवाजात बोलले होते. मामा स्वतः औषधवाले. खाली दुकानातली प्रत्येक बाटली त्यांच्या हातची, त्यामुळे कशाचाही उपयोग नाही हे कुणी त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते बूट न काढता वर गेले. मी मागोमाग. तुझ्यासाठी नव्हे. मला माझी पेनी हवी होती. अकरा वर्षांच्या मुलीला जितकं कळतं तितकंच मला कळत होतं.

मी दारातून बघितलं. ते तुझ्या पलंगाशी गुडघे टेकून बसले होते. त्यांनी खिशातून पेनी काढली. कडेला धरून नाही हेस्टर, मुठीत, चिखलासकट. तुझ्या कपाळावर धरली आणि अंगठ्यानं वाकवली. तोंडानं म्हणाले, ‘ही तुमची. पोर मला द्या.’ आणि हे कोण, तर देवळात प्रवचन सुरू झालं की पेंगणारा माणूस. मग तुझा हात धरून बसले. माझ्याकडे वळून एकदाच बोलले. ‘भाजतोय गं हात तिचा.’

तू वाचलीस. पण नवस फेडायला जागाच नव्हती. संत एडमंडची समाधी आठव्या हेन्रीच्या माणसांनी फोडून टाकली त्याला चार शतकं झालेली. देणं होतं, घेणारा नव्हता. मामांनी ती खालच्या खणात ठेवून दिली. पुढच्या रविवारी मी विचारलं, ‘माझी पेनी?’ ते म्हणाले, ‘ती आता आपल्यापैकी कुणाचीच नाही. ये, बस इथं. तुला दुसऱ्या दाखवतो.’ आणि शेजारची खुर्ची ओढली. तुला जी खुर्ची हवी होती ना, ती मला भरपाई म्हणून मिळालेली आहे.

‘हेस्टरला सांगू नकोस, घाबरेल,’ असं ते म्हणाले होते. तू मोठी झालीस, घाबरण्याचं वय गेलं, तरी मी सांगितलं नाही. का सांगू? दर वेळी आले की मी खालचा खण उघडून ती बघायची. त्यांनी मला सगळं शिकवलं. छाप कसा ओळखायचा, चांदी खरवडायला कानस लावलेली कड कशी ओळखायची, खोटी चांदी कशी वाजते. त्या सगळ्या नाण्यांत माझ्यासाठी वाकवलेलं एकही नाही. तू टायचा हेवा केलास. मी कशाचा केला ते आता तुला कळलं.

आता पेनी पाठव. तडा गेला तर गेला. ती मला सापडली होती, आणि मृत्युपत्रानंही माझीच आहे. खळगा मी रिकामाच ठेवला आहे.

एव्हिस


स्टोमार्केट
२७ ऑक्टोबर १९९१

प्रिय एव्हिस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मटार सोलत होते. वाचून झाल्यावर पुन्हा सोलायला लागले, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी दाणे कचऱ्यात टाकतेय आणि सालं पातेल्यात.

उत्तर द्यायला इतका उशीर झाला, कारण मी वाट बघत होते की माझा हेवा आता संपेल. बाबांनी माझ्यासाठी नाणं वाकवलं. आणखी काय हवं? मला वाटलं, आता मी तुला मोकळ्या मनानं लिहीन, पेनी पाठवून देईन, वर केकही पाठवीन. पण तसं झालं नाही. उलट तो वाढला. एव्हिस, माझ्यासाठी त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती तू पाहिलीस! मी तिथंच होते, त्यांच्या हाताखाली, आणि माझे डोळे मिटलेले होते. त्यांचा चेहरा कसा दिसत होता हे तुला माहीत आहे. तू कितीही चांगलं लिहिलंस तरी तो तुझ्याकडेच राहणार. त्यांची दाढी करताना तो चेहरा रोज माझ्या हातात असायचा, आणि मी साबण नाकात जाऊ नये एवढंच बघत राहिले.

‘तुझे हात गरम आहेत’ हे ते त्यानंतर वर्षभरानं म्हणाले. त्या दिवशी मला केक न देता लवकर झोपवलं होतं, हे मला आता आठवतं. शिक्षा म्हणून, असं मी धरून चालले होते. शिक्षा होती की पुन्हा ताप आल्याची धास्ती, कोण जाणे. आता विचारायला कुणी नाही, आणि मी स्वतःला हवं ते उत्तर घेणार नाही. नाण्याला घाम लागू नये हे तर ते पाद्रीबुवांनाही सुनावायचे.

गेल्या आठवड्यात बसनं बरी सेंट एडमंड्सला गेले. मठाची बाग तुला आठवते ना? जिथं मोठं देऊळ होतं तिथं गारगोट्यांचे नुसते सुळके उभे आहेत, दात पडल्यावर उरलेल्या मुळांसारखे. पास्कना न्यायला हवं. एक म्हातारा त्यातल्याच एका दगडावर बसून डुकराचं मांस भरलेली पाई खात होता आणि चुरा बदकांना टाकत होता. मी त्याला विचारलं, ‘संताची समाधी नक्की कुठं होती हो?’ तो म्हणाला, ‘बाई, इथंच कुठं तरी. कुणी म्हणतं टेनिसच्या मैदानाखाली. गेलेल्या माणसाला शोधून काय करणार? घ्या, एक तुकडा खा.’ मी घेतला. चांगला होता.

तिथं बसल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. देणं फिटलेलं नाही. मी जगले, मोठी झाले, लग्न करून मोडलं, बाबांना पोचवलं, आणि हे सगळं उसन्यावर चाललंय. ती पेनी तुझ्या खळग्यात बसली तरी उसनीच, माझ्या बशीत राहिली तरी उसनीच. तू आणि मी तिच्यावरून भांडतोय, आणि ती आपल्यापैकी कुणाचीच नाही. बाबांनी तुला हे तेव्हाच सांगितलं होतं. ‘तिला कळतं’ असं ते तुझ्याबद्दल लिहून गेले आहेत.

म्हणून विचारते. वीस नोव्हेंबर हा संत एडमंडचा दिवस. त्या दिवशी तू बरीला ये. समाधी नसली तरी माती आहे. कुठल्या तरी सुळक्याच्या मुळाशी आपण ती पेनी पुरू. कुणाला सांगायचं नाही, खूण ठेवायची नाही, पुन्हा काढायची नाही.

तू नाही म्हणशील. जमिनीतून निघालेली नाणी जपण्यात तुझं आयुष्य गेलंय. एक चांगलं नाणं हातानं परत मातीत घालायचं म्हणजे तुझ्या दृष्टीनं गुन्हा आहे. आणि ती तुझी आहे हे मी जाणते. तुला सापडली, तुला कबूल केलेली, तुला लिहून दिलेली. अकरा वर्षांच्या मुलीकडून ती एकदा माझ्यासाठी काढून घेतली गेली, आता मी दुसऱ्यांदा मागतेय. मी तुझ्या जागी असते तर या पत्राला उत्तरही दिलं नसतं. आणि मलाही ती सुखासुखी सोडवणार नाही, हेही सांगून ठेवते. रोज सकाळी केटली ठेवायच्या आधी मी ती खिडकीशी धरून बघते.

तरी ये. दहाच्या बसनं येऊन मी मठाच्या दारात थांबीन. खड्डा तू कर. तुझे हात गार आहेत, नोव्हेंबरची माती तुला टोचणार नाही. तोवर पेनी मी धरून ठेवीन, हातमोज्याशिवाय, मुठीत.

तुझी,
हेस्टर